पायाच्या धमनीला अपघातात इजा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक, ज्यांचा माणूस आत्ता कॅज्युअल्टीत आहे आणि जे बाहेरच्या बाकावर बसून मोबाइलवर शोधताहेत. त्यांनी थेट प्रश्न ४ ते ७ वाचावेत. दुसरे, ज्यांचं ऑपरेशन होऊन गेलंय आणि आता पुढे काय, हा प्रश्न आहे. त्यांच्यासाठी उत्तरं शेवटाकडे आहेत.

१. पायाच्या धमनीला इजा म्हणजे नेमकं काय होतं?

पायाला रक्त पुरवणारी मोठी धमनी जांघेतून मांडीत उतरते, गुडघ्याच्या मागून जाते आणि पोटरीत तिच्या तीन शाखा होतात. शुद्ध रक्त तळपायापर्यंत पोहोचतं ते याच वाटेने. अपघातात ही धमनी पूर्ण तुटू शकते, तिला भोक पडू शकतं, किंवा बाहेरून अखंड दिसत असताना तिचं आतलं अस्तर फाटतं. तिसरा प्रकार सर्वांत फसवा. फाटलेलं अस्तर आत गुंडाळलं जातं, त्यावर रक्त गोठतं आणि काही तासांत रक्ताची वाट बंद होते. बाहेर थेंबभर रक्त नाही, आणि आत पाय मरत चाललेला.

पूर्ण तुटलेल्या धमनीची टोकं कधी कधी आखडून आत सरकतात आणि रक्त आपोआप थांबतं. अर्धवट कापलेल्या धमनीला तसं आखडता येत नाही, त्यामुळे तिच्यातून जास्त वेळ रक्त वाहतं. म्हणून रक्तस्राव किती आहे यावरून इजा किती मोठी, हे ठरवू नये.

२. अशी इजा कशाने होते?

आपल्याकडे सर्वांत मोठं कारण म्हणजे दुचाकीचे अपघात. गाडी अंगावर पडणं, बंपरचा मार, ट्रकचं किंवा ट्रॅक्टरचं चाक पायावरून जाणं. त्यानंतर शेतीतल्या आणि कामावरच्या जखमा: कोयत्याचा निसटलेला घाव, मळणी यंत्र, मांडीत घुसलेलं ग्राइंडरचं पातं, फुटलेल्या काचेच्या दारातून आरपार गेलेला पाय. बैलाने जांघेत शिंग खुपसल्याच्या जखमा ग्रामीण भागात काम करणाऱ्या सर्जनला नवीन नाहीत. अशा जखमेचं तोंड लहान दिसतं, पण शिंग आत खोलवर फिरलेलं असतं.

३. गुडघा निखळला किंवा गुडघ्याजवळ हाड मोडलं तर डॉक्टर धमनीची एवढी काळजी का करतात?

कारण पायातली सर्वांत धोक्याची जागा तीच आहे. गुडघ्यामागची धमनी वरच्या बाजूला मांडीच्या स्नायूतल्या एका फटीपाशी आणि खाली पोटरीच्या स्नायूच्या कमानीपाशी पक्की धरलेली असते, दोन खुंट्यांना ताणून बांधलेल्या दोरीसारखी. सांधा मधूनच सरकला की तिला बाजूला व्हायला जागा नसते. ती ताणली जाते आणि फाटते. शिवाय तिला पर्यायी असलेल्या आजूबाजूच्या बारीक वाहिन्या एवढ्या लहान आहेत की मुख्य वाट बंद पडल्यावर तळपाय जगवायला त्या बहुतेक वेळा पुऱ्या पडत नाहीत.

इथे एक गोष्ट नातेवाइकांनी आवर्जून लक्षात ठेवावी. निखळलेला गुडघा बरेचदा रस्त्यावरच, उचलताना किंवा पाय सरळ करताना, आपोआप जागेवर बसतो. मग एक्स-रेमध्ये काहीच दिसत नाही. ‘हाड मोडलेलं नाही, मुका मार आहे’ असं म्हणून पट्टी बांधून रुग्णाला घरी पाठवलं जातं. अपघाताच्या वेळी गुडघा वेडावाकडा दिसत होता, मग सरळ झाला, हे तुम्ही पाहिलं असेल तर ते डॉक्टरांना मुद्दाम सांगा. एक्स-रे ते सांगू शकणार नाही.

वजन खूप जास्त असलेल्या माणसाचा गुडघा घरातल्या घरात पाय घसरूनही निखळतो आणि धमनी फाटते. अपघात किरकोळ होता, एवढ्यावर निर्धास्त राहू नका.

४. पायातून रक्ताची धार लागली आहे. रुग्णवाहिका येईपर्यंत काय करू?

१०८ ला फोन लावा, स्पीकरवर टाका आणि हात जखमेवर ठेवा.

स्वच्छ कापड, ओढणी, रुमाल, जे असेल ते थेट जखमेत घट्ट कोंबा आणि दोन्ही तळहातांनी अंगाचा भार टाकून दाबून धरा. वरवर कापड गुंडाळून उपयोग नाही, दाब रक्त येतंय त्या नेमक्या जागी पडला पाहिजे. दर मिनिटाला उचलून ‘थांबलं का’ पाहू नका. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा आणि आणखी जोरात दाबा.

दाबूनही रक्त थांबत नसेल आणि जखम मांडीवर किंवा पोटरीवर असेल, तर जखमेच्या वर चार बोटं अंतरावर, सांधा सोडून, रुंद पट्टा बांधा. ओढणीची किंवा उपरण्याची चार-पाच सेंटिमीटर रुंदीची घडी घ्या, गाठ मारा, गाठीत काठी किंवा मजबूत पान्हा अडकवा आणि रक्त थांबेपर्यंत पिळा. अर्धवट घट्ट पट्टा सर्वांत वाईट: त्याने रक्त परत नेणाऱ्या शिरा बंद होतात, धमनी चालूच राहते आणि रक्तस्राव उलट वाढतो. सुतळी, वायर, बुटाची नाडी वापरू नका, ती मांसात रुतते. बांधल्याची वेळ रुग्णाच्या कपाळावर किंवा हातावर पेनाने लिहा. एकदा बांधलेला पट्टा अधूनमधून सैल करायचा नाही. जुन्या पुस्तकांत तसा सल्ला असायचा, पण त्याने थोडं थोडं करत बरंच रक्त जातं. पट्टा दोन तासांपर्यंत सहसा निभावतो, तेवढ्यात रुग्णालय गाठायचं.

जांघेत पट्टा बांधता येत नाही. तिथे कापड कोंबून मुठीने दाबत राहणं हाच मार्ग आहे, आणि रुग्णालयाच्या दारापर्यंत हात काढायचा नाही.

५. काय करू नये?

जखमेत हळद, कॉफी पावडर, राख भरू नका. पायात घुसलेली काच, सळई, पातं उपसू नका. कदाचित त्या वस्तूनेच भोक बुजवलेलं असतं. पाय गार पडलाय म्हणून गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नका. बधिर पायाला चटका कळत नाही, आणि रक्त नसलेली कातडी लगेच भाजते. मालीश तर नकोच.

आणि हाडवैद्याकडे नेऊ नका. मोडलेल्या पायावर कामट्या लावून आवळून बांधलेली पट्टी आत सुजणाऱ्या पायाचा रक्तपुरवठा तोडते. दोन दिवसांनी पट्टी सोडल्यावर काळे पडलेले पाय पाहावे लागतात, आणि त्या वेळी सर्जनच्या हातात फार काही उरलेलं नसतं. हे मी परंपरेबद्दलच्या रागातून लिहीत नाही. पाय वाचू शकला असता हे माहीत असताना तो कापणं फार जड जातं.

रुग्णाला चहा-पाणीही देऊ नका. भूल द्यावी लागणार आहे.

६. ‘सहा तास’ म्हणतात, ते काय आहे?

रक्त पूर्ण बंद झालेल्या पायातल्या नसा (म्हणजे मज्जातंतू) आणि स्नायू साधारण सहा तासांनंतर कायमचे खराब होऊ लागतात. नसा आधी, मग स्नायू, कातडी सर्वांत शेवटी. म्हणून कातडी ठीक दिसत असतानाही आतला स्नायू गेलेला असू शकतो. सहा तास ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. थोडंफार रक्त आजूबाजूच्या वाहिन्यांतून जात असेल तर आठ-दहा तासांनीही पाय वाचतो. पाय चिरडलेला असेल तर चार तासही जास्त ठरतात.

मात्र घड्याळ अपघाताच्या क्षणापासून सुरू होतं, रुग्णालयात पोहोचल्यापासून नाही. गावातून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, तिथून पुण्या-मुंबईला किंवा नागपूरला, असा प्रवास करताना प्रत्येक ठिकाणी एक-दीड तास जातो आणि प्रत्येक ठिकाणी वाटतं की रुग्ण आत्ताच आलाय. अपघाताची नेमकी वेळ तुम्ही स्वतः प्रत्येक डॉक्टरला सांगा.

७. कॅज्युअल्टीत मी डॉक्टरांना काय विचारू?

एकच वाक्य: ‘डॉक्टर, पावलावरची नाडी लागते का?’

हाच या पानाचा गाभा समजा. पाय मोडला की सगळ्यांचे डोळे एक्स-रेवर खिळतात, कारण मोडलेलं हाड दिसतं. थांबलेलं रक्त दिसत नाही. पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्याच्या मागे, अशा दोन ठिकाणी नाडी लागते. दुसऱ्या पायाशी तुलना करून ती तपासायला मिनिटभर लागतं. हा प्रश्न विचारल्याबद्दल कोणताही चांगला डॉक्टर रागावणार नाही.

तुम्ही स्वतः हे पाहा: इजा झालेलं पाऊल दुसऱ्यापेक्षा गार आहे का, पांढरट किंवा निळसर दिसतंय का, बोटं हलतात का, स्पर्श कळतो का. पाऊल बधिर होणं आणि बोटं न हलणं म्हणजे वेळ संपत आलाय. मोडलेलं हाड किंवा निखळलेला सांधा सरळ केल्यावर नाडी पुन्हा तपासायला हवी, आणि प्लास्टर घातल्यावर आणखी एकदा.

८. नाडी लागतेय. मग धोका टळला ना?

बहुतेकदा हो, पण खात्रीने नाही. अस्तर फाटलेलं असून सुरुवातीला रक्त चालू असतं, गुठळी नंतर धरते. म्हणून गुडघा निखळलेल्या रुग्णाला नाडी लागत असली तरी निदान २४ तास तरी देखरेखीखाली ठेवतात आणि नाडी पुन्हा पुन्हा तपासतात. पायाच्या बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९८ दाखवतोय, यावर विसंबू नका. ती तपासणी या कामाची नाही.

९. कोणत्या तपासण्या होतात?

रक्ताची धार, वाढत जाणारी सूज, अजिबात न लागणारी नाडी, गार आणि बधिर पाऊल, जखमेवर हात ठेवल्यावर जाणवणारी थरथर, यापैकी काही ठळक दिसत असेल तर तपासण्यांत वेळ न घालवता रुग्णाला थेट ऑपरेशन थिएटरमध्ये नेतात. अशा वेळी ‘आधी स्कॅन करा’ असा आग्रह धरू नका.

शंका असेल तर डॉप्लरने, म्हणजे रक्ताचा प्रवाह आवाजातून ऐकवणाऱ्या हातात मावणाऱ्या यंत्राने, घोट्यापाशी रक्तदाब मोजतात आणि त्याला दंडाच्या रक्तदाबाने भागतात. उत्तर ०.९ पेक्षा कमी आलं तर पुढची तपासणी, म्हणजे सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन). ती काही मिनिटांत होते आणि धमनी नेमकी कुठे बंद आहे ते दाखवते. दंडाला रक्तदाबाचा पट्टा आणि एक छोटं डॉप्लर, एवढी सामग्री तालुक्याच्या रुग्णालयातही असू शकते, आणि असायलाच हवी.

१०. आमच्या इथे व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचा) सर्जन नाही. काय करावं?

हलवायचं ठरलं की लगेच हलवा, पण आधी फोन करा. पुढच्या रुग्णालयात व्हॅस्क्युलर सर्जन आत्ता उपलब्ध आहे का, थिएटर मोकळं आहे का, रक्त आहे का, हे तिथल्या डॉक्टरांशी तुमच्या डॉक्टरांनी बोलून घ्यायला हवं. नाव मोठं आहे म्हणून निघायचं आणि तिथे पोहोचल्यावर कळायचं की सर्जन बाहेरगावी आहे, असं झालं तर पाय जातो.

निघण्यापूर्वी पाय सरळ करून स्प्लिंट लावावी, प्रतिजैविक आणि धनुर्वाताचं इंजेक्शन द्यावं. एक्स-रे आणि कागद सोबत घ्या. रक्त देऊ शकणारे दोन-तीन नातेवाईक मागून निघू द्या.

मोठ्या केंद्रापासून दूर असलेला अनुभवी जनरल सर्जनही धमनीच्या दोन टोकांमध्ये प्लास्टिकची तात्पुरती नळी बसवून पायाला रक्त चालू करून देऊ शकतो. त्यामुळे काही तास मिळतात. या कामाचं प्रशिक्षण जिल्हा रुग्णालयांतल्या सर्जनना मिळालं तर कितीतरी पाय वाचतील, असं माझं ठाम मत आहे.

११. ऑपरेशनमध्ये नक्की काय करतात?

दोन टोकं ताण न येता जुळत असतील तर थेट शिवतात. बहुतेक वेळा मधला भाग चेचलेला असतो. तो निरोगी अस्तर दिसेपर्यंत कापून काढावा लागतो आणि मग टोकं पोहोचत नाहीत. तिथे रुग्णाच्या स्वतःच्या शिरेचा तुकडा जोडतात.

त्याआधी टोकाला छोटा फुगा असलेली बारीक नळी धमनीतून खाली घोट्याकडे सरकवतात, फुगा फुगवून हळूहळू मागे ओढतात, आणि गुठळ्या बाहेर येतात. अमेरिकेतले सर्जन थॉमस फोगार्टी यांनी १९६० च्या दशकात आणलेलं हे साधन आजही तसंच वापरलं जातं. रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देतात. डोक्याला किंवा पोटात इजा असेल तर ते संपूर्ण शरीरात न देता फक्त पायाच्या धमनीत सोडतात.

गुडघ्यामागची धमनी जेमतेम ५ ते ७ मिलिमीटर रुंद असते. भिंगाचा चष्मा लावून, डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या निळ्या धाग्याने तिच्या कडेकडेने टाके घालायचे. शेवटचा टाका बांधून चिमटे सोडले की लुळी पडलेली शीर क्षणात भरते आणि ठोके देऊ लागते. मग थिएटरमधले सगळे पावलाकडे बघतात. पांढऱ्या अंगठ्यावर रंग चढायला कधी मिनिट लागतं, कधी पंधरा.

हाड आधी बसवायचं की धमनी आधी, हे वेळेवर ठरतं. उशीर झाला असेल तर आधी रक्त, मग बाहेरून सळया लावून हाड स्थिर करणं. पोटरीतल्या तीनपैकी एकच धमनी तुटली असेल आणि बाकीच्या चालू असतील, तर ती नुसती बांधून टाकली तरी चालतं. त्यात हलगर्जी काही नाही.

एकेकाळी सगळ्याच धमन्या बांधून टाकत असत. दुसऱ्या महायुद्धात गुडघ्यामागच्या धमनीला इजा झालेल्या अमेरिकी सैनिकांपैकी सुमारे ७३ टक्क्यांचे पाय कापावे लागले. कोरियन युद्धात धमनी शिवायला सुरुवात झाली, आणि हातापायांच्या धमन्यांच्या इजांमध्ये अवयव गमावण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावरून सुमारे १३ टक्क्यांवर आलं.

१२. चांगल्या पायाची शीर का काढता? तो पाय अधू होणार नाही ना?

नाही. कातडीखालची ही लांब शीर काढल्यावर पायाचं रक्त आतल्या मोठ्या शिरांतून परत जातं. हृदयाच्या बायपासमध्येही हीच शीर वापरतात. इजा झालेल्या पायातली खोल शीरही बहुधा दुखावलेली असते, म्हणून त्या पायाची वरची शीर रक्त परत न्यायला राखून ठेवतात. शिरेत एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात, म्हणून तुकडा उलटा करून जोडतात. कृत्रिम नळीही मिळते, पण मातीने माखलेल्या जखमेत आणि गुडघ्याखाली स्वतःची शीरच जास्त टिकते.

१३. स्टेंट टाकून होणार नाही का?

काही ठिकाणी होतं. मांडीच्या खोल शाखेतून रक्तस्राव होत असेल तर बारीक नळीतून कॉइल (धातूचं वेटोळं) टाकून ती बंद करतात. भोक पडलेल्या धमनीवर आतून आवरण असलेला स्टेंट (जाळीची नळी) बसवता येतो. पण गुडघ्यामागे सांधा दिवसभर वाकतो, मांडी घालून बसताना तर पूर्ण दुमडतो. तिथला स्टेंट मोडण्याची किंवा बंद पडण्याची भीती राहते. पंचविशीतल्या तरुणाला तिथे शिरेचा तुकडाच बरा.

१४. ऑपरेशननंतर पोटरी दोन्ही बाजूंनी चिरून उघडी ठेवली आहे. काही बिघडलंय का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतो, आणि ते दृश्य पाहून माणसं हादरतात. ते साहजिकच आहे. पण काही बिघडलेलं नाही.

बराच वेळ उपाशी राहिलेल्या स्नायूंत रक्त परतलं की ते सुजतात. पोटरीचे स्नायू न ताणणाऱ्या जाड आवरणाच्या चार कप्प्यांत बंद असतात. आत सूज, बाहेर जागा नाही, म्हणून कप्प्यातला दाब वाढतो आणि नुकतंच चालू झालेलं रक्त पुन्हा बंद पडतं. ते टाळायला आतल्या आणि बाहेरच्या बाजूने एकेक लांब छेद घेऊन चारही कप्पे उघडतात. लाल, ओलसर, चिमट्याने टोचल्यावर आखडणारा स्नायू दिसणं ही चांगली खूण आहे. सूज उतरल्यावर, साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत, जखम शिवतात किंवा मांडीची पातळ कातडी लावतात.

छेद घेतलेले नसतील आणि रुग्णाला औषधांनीही न थांबणाऱ्या वेदना होत असतील, विशेषतः पायाची बोटं ताणल्यावर तो ओरडत असेल, तर रात्रीचे तीन वाजले असले तरी नर्सला उठवा.

१५. लघवी कोकमाच्या रंगाची होतेय.

लगेच सांगा. मेलेल्या स्नायूंतलं द्रव्य रक्तात येऊन मूत्रपिंडांत अडकतं, सोबत पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. भरपूर सलाईन देऊन बहुतेकदा हे सावरतं. काहींना तात्पुरतं डायलिसिस लागतं.

१६. पाय कापावा लागेल असं डॉक्टर म्हणतात. खरंच दुसरा मार्ग नाही का?

इजेची तीव्रता, रक्त किती वेळ बंद होतं, रक्तदाब आणि वय यांवर गुण देण्याची एक पद्धत आहे. सात किंवा जास्त गुण म्हणजे पाय वाचणं कठीण. पण केवळ आकड्यावर आज कोणी पाय कापत नाही. दुसऱ्या सर्जनचं मत घ्या, तो तुमचा हक्क आहे. स्नायू मेलेले असतील तर मात्र दिवस घालवू नका. मेलेल्या पायात रक्त सोडणं जिवावर बेतू शकतं.

गुडघा राखून कापलेल्या पायावर कृत्रिम पाय चांगला बसतो. जयपूर फूट, पुण्यातलं कृत्रिम अवयव केंद्र, मुंबईत हाजी अलीजवळची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था, इथे चौकशी करा. अनेकजण पुन्हा शेतात, रिक्षावर, दुकानावर उभे राहतात.

१७. खर्चाचं काय? आणि पोलीस?

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत (योजनेत सामील असलेल्या) रुग्णालयात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. आरोग्यमित्राचं (योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाचं) टेबल कुठे आहे ते विचारा; रेशन कार्ड आणि आधार मागवून घ्या. रस्ता अपघातासाठी केंद्राची २०२५ ची योजनाही आहे: अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार. पोलिसांची नोंद रुग्णालय स्वतः कळवतं, उपचार त्यासाठी थांबत नाहीत. जखमीला आणणाऱ्या परक्या माणसाला २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने संरक्षण दिलंय. त्याला नाव सांगण्याची सक्ती नाही.

१८. घरी गेल्यावर काय सांभाळायचं?

सांगितलेली अ‍ॅस्पिरिनची गोळी रोज. तंबाखू, मशेरी, गुटखा, विडी, सगळं बंद. जोडलेली शीर बंद पडण्याचं हे मोठं कारण आहे. ठरलेल्या वेळी डॉप्लर तपासणी, दुखत नसलं तरी. पाऊल लोंबत असेल तर मज्जातंतूला इजा आहे. तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, म्हणून महिने लागतात, आणि कधी पूर्ण भरून येत नाही. तोवर पाऊल काटकोनात धरणारी पट्टी लावा, नाहीतर टाच आखडते. बधिर पावलाला अनवाणी चालवू नका आणि रोज रात्री तळवा बघा.

चालताना पोटरी पुन्हा भरून येऊ लागली किंवा पाऊल अचानक गार पडलं, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी या.

१९. जुन्या जखमेच्या जागी ठणकणारी गाठ आली आहे. गळू असेल का?

कोयता, चाकू, काच लागलेल्या जागी काही आठवड्यांनी गाठ आली तर तिच्यावर तळहात अलगद ठेवा. नाडीच्या ठोक्याबरोबर ती उसळत असेल तर ते गळू नाही. धमनीच्या भोकातून बाहेर आलेल्या रक्ताची ती पिशवी आहे. हाताखाली सतत थरथर जाणवत असेल तर धमनी आणि शीर एकमेकींना जोडल्या गेल्या आहेत, आणि वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर हृदयावर ताण येतो. दोन्हींवर उपचार आहेत. मात्र कोणी पू काढायला चिरा देतो म्हणालं तर थांबवा, आणि आधी डॉप्लर सोनोग्राफी करून घ्या.